आज कुणाचा तिसरा दिवस आहे का? (उपकेंद्रावर नवीन आलेल्या सीएचओंना, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, खुलं पत्र)

सीएचओ मॅडम, सीएचओ सर,

नमस्कार. तुमची ऑर्डर निघाली, तुम्ही जॉइन झालात, पहिल्या दिवशी सरपंचांनी नारळ दिला आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या लक्षात आलं असेल की उपकेंद्राच्या नळाला पाणी नाही, रेंज पाहिजे असेल तर टेकडीवरच्या त्या एका मोहाच्या झाडाखालीच जावं लागतं आणि ज्या लॅपटॉपवर तुमचं निम्मं काम आहे तो चार्ज करायला लाइट यायची वाट बघावी लागते. घाबरू नका, सवय होते. हे पत्र त्याबद्दल नाही.

मी मेळघाटात गटप्रवर्तक आहे. गटप्रवर्तक म्हणजे वीस-पंचवीस आशांच्या मागे फिरणारी, त्यांना शिकवणारी, डायऱ्या तपासणारी आणि त्यांच्या वाटच्या शिव्या वरच्यांकडून खाणारी बाई. त्याच्याआधी मी स्वतः आशा होते, २००७ पासून सात वर्षं. मुक्त विद्यापीठातून बीए केलं, लेकरं झोपल्यावर अभ्यास करून, म्हणून हे पद मिळालं. तुम्ही बीएएमएस असाल नाहीतर नर्सिंग, त्यावर सहा महिन्यांचा कोर्स केलाय, बीपीची गोळी कोणती आणि किती हे तुम्हाला कळतं, मला नाही कळत आणि मी तसा आवही आणत नाही. फक्त एका बाबतीत मी तुम्हाला सिनियर आहे, ते म्हणजे चालणं. तेवढ्या हक्कानं हे लिहितेय.

मागणी एकच आहे आणि ती एवढीशी आहे की तुम्हाला हसू येईल. आशाताईला मीटिंगला, कॅम्पला, फोटोला, कार्ड काढायला, कशालाही बोलवायच्या आधी तिला विचारा, ताई, आज तुमच्या गावात कुणाचा तिसरा दिवस आहे का?

आता हे तिसरा दिवस काय ते तुम्हाला माहीत असेलच, एचबीएनसीच्या भेटी, म्हणजे बाळंतपणानंतर आशेनं घरी जाऊन आई आणि बाळ बघायचं, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त. सहा किंवा सात भेटी पूर्ण केल्या की आशेला २५० रुपये. कागदावर सगळ्या भेटी सारख्याच दिसतात, एकेक रकाना. पण जरा डोकं चालवून बघा ना. बाई दवाखान्यात बाळंत झाली की तिला ४८ तास ठेवायचं असतं (ठेवतात तेव्हा ठेवतात, निम्म्या बाया दुसऱ्याच दिवशी घरी चला म्हणून मागे लागतात, घरी दोन लेकरं आणि एक म्हातारी असते, त्यांनाही चूक म्हणवत नाही). म्हणजे तिसरा दिवस हा लेकराचा घरातला पहिला दिवस. मातीची भिंत, चुलीचा धूर, पावसाळ्यात ओल, आणि सिस्टर नाही, डॉक्टर नाही, कोणी नाही. महिन्याच्या आत जी बाळं जातात त्यातली बहुतेक पहिल्याच आठवड्यात जातात. म्हणजे जे काय वाकडं व्हायचं ते होण्याच्या वेळेला त्या घरात शिरणारं एकच माणूस आहे ज्याला काय बघायचं ते शिकवलंय, आणि ती आशा आहे. आणि नेमकं त्याच दिवशी आपण तिला पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) बोलावून घेतो, कारण त्या महिन्याची लाइन लिस्ट, म्हणजे नावनिशी यादी, अपडेट करायची असते.

मला हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये कळलं नाही. २०१२ ची गोष्ट आहे. एचबीएनसीचं ट्रेनिंग नवीन नवीन झालेलं, मला किट मिळालेलं, झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, श्वास मोजायला घड्याळ, मी ते घरी आल्यागेल्याला दाखवायची. माझ्या गावातली एक कोरकू पोरगी, पहिलटकरीण, दवाखान्यात व्यवस्थित बाळंत झाली, मुलगी, वजन २३०० ग्रॅम, म्हणजे कमीच पण आमच्याकडे त्याचं कोणाला नवल नाही. ती संध्याकाळी घरी आली आणि दुसऱ्या दिवशी माझी मासिक मीटिंग. पीएचसी बावीस किलोमीटर, सकाळी एक एसटी जाते तीच संध्याकाळी परत येते. मी म्हटलं उद्या जाऊ. उद्या कसला तरी सर्व्हे निघाला, तो त्याच दिवशी द्यायचा होता. पाचव्या दिवशी सकाळी मी झोळीचा काटा घेऊन तिच्या दारात गेले तर अंगणात बाया बसलेल्या. तिची सासू मला म्हणाली, परवा संध्याकाळपासून दूध ओढत नव्हती, तू मीटिंगला गेली असं पोरं बोलली. बस एवढंच बोलली, भांडली नाही, भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढचं मी आजवर कोणाला लिहून दिलेलं नाही. मृत्यूची चौकशी होते तेव्हा भेटींचा फॉर्म बघतात. मला वरून एका माणसानं सांगितलं की तिसऱ्या दिवसाची भेट झाली असं टाकून द्या, नाहीतर तुम्हालाच प्रश्न येईल. मी टाकलं. त्या फॉर्मवर लेकराचा श्वास मिनिटाला ४४ लिहिलाय, अंग कोमट लिहिलंय, दूध व्यवस्थित ओढते लिहिलंय. खाली माझी सही आहे. ४४ हा आकडा मी का निवडला माहितीये का, साठच्या खाली पाहिजे (साठ किंवा वर म्हणजे धोका) आणि खोटा वाटायला नको म्हणून.

तेव्हापासून कोणाचाही फॉर्म शंभर टक्के भरलेला दिसला की मला बरं वाटत नाही, पोटात गोळा येतो. आणि तुम्हीही जेव्हा रिव्ह्यू मीटिंगमध्ये तुमच्या उपकेंद्राचं एचबीएनसी शंभर टक्के असं स्क्रीनवर बघाल तेव्हा टाळ्या वाजवायच्या आधी एकदा आशेच्या चपला बघा.

तुम्हाला वाटेल ही बाई डाटा एंट्रीच्या विरोधात आहे. नाही हो. लिहिलं पाहिजे, लिहिल्याशिवाय कळत नाही कुठे काय चाललंय. पण आता बघा, आशेच्या एका मोबाइलमध्ये गरोदर मातेची नोंद, एनसीडीचा (बीपी, शुगर असल्या आजारांचा) तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म, क्षयरोगाचं, आभा कार्ड (आरोग्याचं ओळखपत्र), आयुष्मान कार्ड, सिकलसेलचं (आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार), त्यात मध्येच कुणी तरी गुगल फॉर्म पाठवतं, दुपारी बारापर्यंत भरा, न भरणाऱ्यांची नावं ग्रुपवर टाकण्यात येतील. एका आशेनं मला विचारलं होतं, मॅडम, मी लेकराकडे बघू का मोबाइलकडे बघू, अन् दोन्हीकडे बघायचं असंल तर मले अजून एक डोकं द्या ना सरकारनं. मी हसले पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे, कारण उपकेंद्रावर आता तुम्हीच टीमचे प्रमुख आहात, वरून आलेला मेसेज जसाच्या तसा ग्रुपवर फॉरवर्ड करायचा का एक दिवस अंगावर घ्यायचा हे तुमच्या हातात आहे. आणि एक बोलू का, राग मानू नका, तुमचा परफॉर्मन्सचा जो मोबदला निघतो तो ज्या आकड्यांवर निघतो ते आकडे तिच्या पायांनी गोळा केलेले असतात.

आता थोडा जुना इतिहास सांगते, म्हणजे हे माझंच रडगाणं वाटायला नको. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको नगर जिल्ह्यात जामखेडला आले, वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत जाऊन आलेले, आणि आधी त्यांचाही विचार तुमच्या-आमच्यासारखाच होता की शिकलेली नर्स गावात नेऊन ठेवू. नाही जमलं. बाहेरची एकटी पोरगी गावात राहीना आणि गाव तिचं ऐकेना. मग गावातल्याच बाया निवडल्या, त्यात कितीतरी दलित, कितीतरी अंगठाबहाद्दर, आणि त्यांना दर आठवड्याला जामखेडला बोलावून थोडं थोडं शिकवलं. त्या बायांनी गावाचं पाणी, बाळंतपणं, लसी, कुष्ठरोग, सगळं हातात घेतलं. १९७९ ला आरोळ्यांना मॅगसेसे मिळालं. ज्या आशा योजनेत मी नोकरी (नोकरी नाही, चुकलं, आम्ही स्वयंसेविका आहोत) करते ती २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली, पण गावातलीच बाई, गावानं निवडलेली, ही कल्पना जामखेडच्या बायांनी तीस-पस्तीस वर्षं आधी करून दाखवली होती.

आणि गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिकडे ३९ गावांत गावच्याच बायांना आरोग्यदूत केलं आणि त्यांना नवजात बाळ बघायला शिकवलं. श्वास मोजायला मण्यांचं साधं यंत्र केलं, म्हणजे जिला आकडे मोजता येत नाहीत ती दाईसुद्धा मणी सरकवून न्यूमोनिया ओळखेल. जंतुसंसर्ग झालेल्या लेकराला इंजेक्शनसुद्धा या बाया घरी देत होत्या. गावची बाई इंजेक्शन देते म्हटल्यावर मोठमोठ्या डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या, ते साहजिकच आहे. पण १९९९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आकडे छापून आले, त्या गावांत हजारी ६२ नवजात बाळं जात होती ती २५ वर आली. आपण जी तिसऱ्या-सातव्या दिवसाची भेट म्हणतो ना ती तिथून निघालीय, २०११ ला ती देशभरच्या आशांच्या गळ्यात पडली. फक्त एक फरक झाला. तिकडे त्या बाईला भेट हे एकच मुख्य काम होतं आणि तिला तपासायला येणारा माणूस पंधरा दिवसांनी तिच्या दारात यायचा. आपण भेट ठेवली, तपासायला मात्र तिलाच आपल्या दारात बोलवायला लागलो.

(हा इतिहास प्रत्येक कार्यशाळेत स्लाइडवर असतो बरं का. स्लाइड संपली की साहेब म्हणतात, आशाताई, जरा चहाचं बघा.)

म्हणून माझं दुसरं म्हणणं, ते पहिल्यातूनच येतं, तुम्ही तिच्या मागून चाला. पहिला महिना तरी. तिला पुढे राहू द्या, घरात आधी तिला शिरू द्या, बोलू द्या, तुम्ही खाटेवर न बसता खाली बसा आणि गप्प बसा. तुम्हाला बघायला मिळेल की ती हाताची मागची बाजू आधी लेकराच्या पोटाला लावते मग तळपायाला. पोट गरम आणि पाय गार म्हणजे लेकराला थंडी लागायला लागलीय, आईच्या छातीला लावायचं. दोन्ही गार म्हणजे पळायचं. तिच्या किटमधला थर्मामीटर बंद असतो बऱ्याचदा, सेल संपलेला, मागणी लिहून दिलेली असते. हात बंद पडत नाही. मग ती श्वास मोजते, लेकरू शांत असताना, पूर्ण एक मिनिट, साठ किंवा जास्त आले तर परत एकदा, आणि त्या एका मिनिटात घरातली म्हातारी काय काय बोलते ते ऐका, अर्धी केस हिस्ट्री त्यात असते. माझं कोरकू अजूनही मोडकं आहे, ती मराठीच्या जवळची भाषा नाहीच, पार वेगळ्या कुळातली, त्यामुळे तुम्हाला पहिले सहा महिने काहीही कळणार नाही आणि आशा जे सांगेल त्यावर भरवसा ठेवावा लागेल. ते चांगलंच आहे तुमच्यासाठी.

भूमकाशी, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूशी, भांडू नका. लेकराचं पोट फुगलं की तापलेल्या लोखंडाचे चटके देतात, डंबा म्हणतात त्याला, ते बघून तुमच्या अंगाचा तिळपापड होईल, माझाही व्हायचा, मी एकदा पोलिसात देईन म्हणून ओरडून आले होते. पुढे दोन वर्षं त्या पाड्यावर मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही आणि डंबा चालूच राहिला, फक्त लपवून. नंतर त्याच भूमकाच्या नातवाला रात्रीच्या वेळी गाडी मिळवून दिली तेव्हा तो माझ्याशी बोलायला लागला. आता तो काय करतो, आधी माझ्या आशेला हाक मारतो, मग त्याची पूजा. पूजेनं कोणाचं काही बिघडत नाही.

सिकलसेलचं जरा जपून. २०२३ च्या जुलैपासून मिशन आहे, आदिवासी भागात चाळिशीच्या आतल्या सगळ्यांची तपासणी, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, चांगली गोष्ट आहे, आमच्याकडे तर गरजच होती. पण रिपोर्ट वाटायची एक पद्धत असते. मी बघितलंय, गावच्या चौकात टेबल टाकून नावं पुकारून कार्ड वाटली, अमकी एएस, तमकी एसएस, आणि लोकांना काय, एसएस म्हणजे आजार आणि एएस म्हणजे फक्त वाहक, तिला स्वतःला सहसा काही होत नाही, हे कोण समजावणार? एका पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं त्यात. खरं सांगायचं तर दोघंही वाहक असले तर दर खेपेला चारात एक अशी भीती, एकटी ती वाहक असेल आणि नवरा वाहकही नसेल, आजारीही नसेल तर लेकराला आजार होत नाही. हे पाच मिनिटांचं बोलणं आहे, पण घरात, दार लोटून, आशेला बरोबर घेऊन. ते पाच मिनिटं कुठल्याच ॲपमध्ये नाहीत.

आणि दिवाळीनंतर तुमचं गाव रिकामं होईल. हरभऱ्याला, वीटभट्टीला, लोकं अकोला-अमरावतीकडे खाली उतरतात, गरोदर बायासुद्धा, होळीला परत येतात, कारण होळी कोरकूंचा सगळ्यात मोठा सण, त्याला माणूस कुठेही असला तरी येणार. आपल्या रजिस्टरमध्ये त्या बाईपुढे 'स्थलांतरित' लिहिलं की आपण मोकळे. ती कुठे मोकळी असते? तिचा तिसरा दिवस भट्टीवरच्या झोपडीत निघून जातो. आमच्या काही आशा आता काय करतात, मुकादमाचा नंबर डायरीत लिहून घेतात, बाईच्या गाठोड्यात तिचं माता-बाल कार्ड स्वतः ठेवतात, आणि तारीख जवळ आली की फोन करतात. रिचार्ज स्वतःचा. याला कुठला इन्सेंटिव्ह नाही. तुम्ही एवढं करू शकता की खालच्या तालुक्यातल्या तुमच्यासारख्याच सीएचओला फोन लावून सांगा, अमुक भट्टीवर आमची बाई आहे. तुम्ही एकाच बॅचचे असता, तुमचे ग्रुप असतात, त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकता तसं हे टाका.

पैशाचं मी जास्त बोलणार नाही, त्यासाठी आम्ही मोर्चे काढतोच. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा सन्मान केला, आम्ही एकमेकींना फोटो पाठवले, आनंद झाला, खोटं कशाला बोलू. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आम्हाला संपावर जावं लागलं, जानेवारीत परत, आझाद मैदानात बाया थंडीत बसल्या, तेव्हा मार्चमध्ये पाच हजार वाढीचा शासन निर्णय निघाला. आम्हा गटप्रवर्तकांना हजार. असो. संपाच्या काळात कुणीतरी मला विचारलं की तुमच्या आशा घरभेटी बंद करतील का, आणि मला उत्तर देता येईना, कारण रिपोर्टिंग बंद होतं पण माझ्या दोघी आशा गुपचूप तिसऱ्या दिवसाला जाऊन येत होत्या आणि युनियनला सांगू नका म्हणत होत्या.

तर करायचं काय. उपकेंद्राच्या व्हरांड्यात एक फळा असतोच, त्यावर लोकसंख्या आणि उद्दिष्ट रंगवलेलं असतं ते राहू द्या, खाली बोटभर जागा असते. तिथे रोज सकाळी लिहा, आज तिसरा दिवस: गाव, घर, आशेचं नाव. आईचं नाव नाही लिहिलं तरी चालेल, येणारे-जाणारे वाचतात. सिस्टरकडून डिलिव्हरीची यादी घ्यायला दोन मिनिटं लागतात. ज्या आशेचं नाव तिथे आहे तिला त्या दिवशी कोणी बोलवायचं नाही, साहेब आले तरी नाही, व्हीसी (व्हिडिओवरची मीटिंग) असली तरी नाही, आणि कोणी विचारलं का आली नाही तर उत्तर तुम्ही द्यायचं, तिनं नाही. जमलं तर तुम्हीच तिच्याबरोबर जा. माझ्या गटातल्या एका सीएचओ मॅडमनी मागच्या पावसाळ्यापासून हे सुरू केलंय, पहिल्या महिन्यात त्यांचं एचबीएनसी शंभरवरून बहात्तर टक्क्यांवर आलं, कारण झालेल्याच भेटी लिहिल्या. मीटिंगमध्ये त्यांना उभं करून विचारलं गेलं. त्यांनी सांगितलं की साहेब, आधीचे आकडे आधीच्यांना विचारा. मी मागच्या बाकावर बसून होते, मला माझा ४४ आठवला.

खडू नसेल तर फोन करा, मंगळवारी माझा दौरा असतो, आणून देईन.

तुमची,
एक गटप्रवर्तक, मेळघाट

ता.क. पावसाळ्याआधी चांगली ग्रिप असलेली प्लॅस्टिकची सँडल घ्या, बूट नको, नाल्यात भरतात. आणि आशेच्या घरी जेवायला बोलावलं तर डबा खाऊन आलोय असं म्हणू नका.